जुना डागिना: ओळखावा कसा, विकावा कुठे

मुंबईत जुन्या दागिन्याला दोन भाव असतात. एक मोडीचा, म्हणजे दागिना वितळवल्यावर निघणाऱ्या शुद्ध सोन्याचा किंवा चांदीचा. दुसरा डागिन्याचा, म्हणजे तो आहे तसाच कोणाला तरी घालावासा वाटतो म्हणून मिळणारा. मोडीचा भाव झवेरी बाजारात कामाच्या कोणत्याही दिवशी तासा-दोन तासांत हाती पडतो. डागिन्याच्या भावासाठी गिऱ्हाईक शोधावे लागते, थांबावे लागते, आणि एवढे करूनही ते मिळेलच असे नाही. म्हणून नवख्याने खरेदी नेहमी मोडीच्या भावाच्या आतच करावी आणि विक्री करताना आधी डागिन्याचा भाव मिळतो का ते पाहावे. पुढील सगळ्या पायऱ्या हे दोन आकडे आपले आपल्याला काढता यावेत यासाठी आहेत.

माल कुठे मिळतो

चोर बाजार हे नाव सर्वांना आधी आठवते. मटण स्ट्रीटवरची नेहमीची दुकाने शुक्रवारी बंद असतात आणि त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जुना बाजार भरतो. तिथे सोने मिळेल या आशेने जाऊ नये, कारण ज्याच्या हाती सोने आले तो ते परस्पर झवेरी बाजारात नेतो. तिथे खरोखर मिळते ती चांदी: पैंजण, वाळे, कमरपट्टे, जुन्या रुपयांच्या माळा, कोट-शेरवानीची बटणे, आणि त्यांच्यात बेमालूम मिसळलेले, चांदीसारखे दिसणारे पण चांदी नसलेले जर्मन सिल्व्हर. सोने मिळण्याची शक्यता अधिक असते ती घरे रिकामी होतात तिथे. गिरगाव-दादरच्या चाळी पुनर्विकासाला गेल्या, की आजीच्या डब्यातल्या तुटक्या कुड्या, फिरकी हरवलेल्या बुगड्या आणि एकटी उरलेली पाटली बाहेर येते. पारशी आणि ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती) घरांतून ब्रूच, साडीपिना, कफलिंक आणि साखळीची घड्याळे येतात, आणि त्यांवर पुष्कळदा विलायती छाप असतात. याशिवाय सोनेतारण कर्ज देणाऱ्या बँका आणि वित्तसंस्था थकीत दागिन्यांच्या लिलावाच्या जाहीर सूचना वर्तमानपत्रांत देतात. मात्र तिथे बोली लावणारे बहुतेक सराफच असल्याने नवख्याच्या वाट्याला फारसे काही येत नाही.

खरेदी कुठूनही असो, विकणाऱ्याचे नाव, पत्ता, ओळखपत्राची प्रत, दागिन्याचे छायाचित्र, वजन आणि दोघांच्या सह्या असलेली पावती घ्यावी. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, तो घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे आणि माल तर पोलीस जप्त करतातच. ओळखपत्र मागितल्यावर ज्याला एकदम घाई होते त्याचा दागिना कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

पिशवीत काय असावे

दहापट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा, एक जोरदार चुंबक आणि बॅटरी एवढे पुरते. काट्यावर आपले वजन विकणाऱ्यासमोर करावे. त्यामुळे दोघांचाही वेळ वाचतो.

वजनाच्या भाषेत मात्र सावध राहावे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, त्याचे १२ मासे आणि ९६ गुंजा. आज बोलण्यात तोळा म्हणजे सरसकट १० ग्रॅम समजले जाते. जुन्या पावतीवर किंवा घरातल्या वहीत ‘पाटल्या ४ तोळे’ असे लिहिलेले असेल, तर त्या ४० ग्रॅमच्या नसून सुमारे ४६.६५ ग्रॅमच्या असणार. आज काट्यावर त्या ४३ ग्रॅम भरल्या, तर एकतर झीज झाली आहे किंवा मधल्या काळात कोणीतरी त्या बदलल्या आहेत. अशी वही मिळाली तर ती दागिन्याबरोबर मागून घ्यावी. विकताना ती उपयोगी पडते.

आधी डोळा, मग चुंबक

मुलामा ओळखण्याचे काम बहुतांशी डोळ्यांनीच होते. दागिन्याची जी जागा अंगाला, कपड्याला किंवा दुसऱ्या कडीला घासते तिथे भिंग लावावे: कडीची आतली बाजू, साखळीचे सांधे, पाटलीची कड, कुडीची दांडी. तिथे वरचा रंग जाऊन तांबूस किंवा फिकट पिवळा धातू दिसत असेल, किंवा खाचांत हिरवट थर जमला असेल, तर तो गिल्टाचा किंवा ज्याला आज ‘एक ग्रॅम सोने’ म्हणतात त्या प्रकारचा आहे. अस्सल सोन्याचा दागिना झिजतो तेव्हा खालूनही तोच रंग निघतो. चांदी काळी पडते, हिरवी पडत नाही; मात्र चांदीत तांब्याचे प्रमाण फार असेल तर तिच्यावरही हिरवट छटा येऊ शकते.

चुंबकाला नवखे लोक भलतेच महत्त्व देतात. सोने, चांदी, प्लॅटिनम यांना चुंबक ओढत नाही हे खरे, पण तांबे, पितळ, शिसे आणि जस्त यांनाही ओढत नाही. म्हणून दागिना चुंबकाला चिकटला तर तो बाद करता येतो, चिकटला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. त्यातही अस्सल सोन्याच्या साखळीच्या आकड्यात पोलादी स्प्रिंग असते आणि तेवढाच भाग ओढला जातो. तेवढ्यावरून चांगली साखळी परत करू नये.

छाप वाचणे

भारतातल्या जुन्या दागिन्यांवर बहुधा छाप नसतो. असलाच तर सराफाच्या नावाची आद्याक्षरे असतात, आणि ती शुद्धतेची हमी धरता येत नाहीत. भारतीय मानक ब्यूरोचे सोन्याचे हॉलमार्किंग, म्हणजे शुद्धतेचा अधिकृत छाप, २००० मध्ये आणि चांदीचे २००५ मध्ये सुरू झाले. सुरुवातीच्या छापात ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा, परीक्षण केंद्राचे चिन्ह, वर्षाचे इंग्रजी अक्षर आणि सराफाचे चिन्ह असे. ए म्हणजे २०००, बी म्हणजे २००१ अशी ती अक्षरे चालत. जुलै २०२१ पासून दागिन्यागणिक वेगळा असणारा, सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक आला आणि १ एप्रिल २०२३ पासून सराफाला त्याशिवाय हॉलमार्कचा सोन्याचा दागिना विकता येत नाही. असा क्रमांक दिसला, की बीआयएस केअर या अ‍ॅपवर टाकून पाहावा; दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता तिथे जुळली पाहिजे. क्रमांक अंगठीचा आणि हातात साखळी, असे आढळल्यास व्यवहार तिथेच थांबवावा. अर्थात हा क्रमांक असलेला दागिना जुना म्हणून विकण्याजोगा नाही हेही लक्षात घ्यावे.

शुद्धतेचे आकडे पाठच असावेत. हजार भागांपैकी ९१६ म्हणजे २२ कॅरट, ७५० म्हणजे १८, ५८५ म्हणजे १४ आणि ३७५ म्हणजे ९ कॅरट. चांदीत ९२५ म्हणजे स्टर्लिंग. ‘केडीएम’ ही अक्षरे शुद्धता सांगत नाहीत. डाख, म्हणजे सांधा जोडणारा धातू, लावताना कॅडमियम वापरले होते एवढाच त्यांचा अर्थ.

विलायती छाप वाचणे ही या व्यवसायातली सर्वांत फायदेशीर विद्या आहे, कारण विकणाऱ्याला तो बहुधा वाचता येत नाही. चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम शहरात तपासलेला माल. बिबट्याचे तोंड म्हणजे लंडन. मुकुट म्हणजे १९७५ पूर्वीचे शेफील्ड, आणि त्यानंतर तिथे गुलाब आला. सोबतच्या एका अक्षरावरून नेमके वर्ष काढता येते. त्यांचे तक्ते सहज मिळतात. ब्रिटनमध्ये १५ कॅरट, म्हणजे ६२५ शुद्धतेचे सोने १८५४ पासून १९३२ पर्यंतच चालले, म्हणून एखाद्या ब्रूचवर १५ आणि ६२५ हे आकडे एकत्र दिसले तर त्याचे वय तिथल्या तिथे कळते. उलट ‘ई.पी.एन.एस.’ ही अक्षरे दिसली, की तो निकेलमिश्रित धातूवर चढवलेला चांदीचा मुलामा समजावा. अमेरिकी मालावर ‘जी.एफ.’ ही अक्षरे आणि १/२० किंवा १/१० असा अपूर्णांक असतो. तिथे सोन्याचा पत्रा हलक्या धातूवर दाबून बसवलेला असतो आणि वजनाचा तेवढाच अंश सोने असते. त्या अपूर्णांकापुढे १२ किंवा १४ कॅरटचा आकडाही असतो, आणि नवखा नेमका तेवढाच वाचतो.

जुना दिसणारा, हाताने घडवलेला देशी दागिना १४ कॅरटचा निघाला तर तो लगेच विलायती किंवा बनावट ठरवू नये. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण लागू झाले तेव्हा १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास मनाई झाली. ती अट काही वर्षांनी सुटली, पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत कायम होता. त्या मधल्या वर्षांत लग्न झालेल्या स्त्रियांच्या डब्यांत असे फिकट सोने आजही सापडते.

नाणी गुंफलेले दागिने

यांचा हिशेब तुलनेने सोपा, म्हणून शिकाऊ माणसाने इथून सुरुवात करावी असे माझे मत आहे. ब्रिटिश अमदानीतला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टक्के चांदीचा, म्हणजे एका नाण्यात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. पण १९४० पासून रुपयातली चांदी ५० टक्क्यांवर आली. राणीच्या आणि सहाव्या जॉर्जच्या रुपयांची माळ एकत्र तोलून एकच भाव लावणारा खरेदीदार हमखास गोत्यात येतो. प्रत्येक नाण्यावरचे साल वाचणे भाग आहे. राणीछाप रुपयांच्या बनावट ओतीव नकलाही बाजारात भरपूर आहेत. त्यांचे वजन चुकते, कडेचे दाते बोथट असतात आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात.

सोन्यात दोन नाणी पाहावीत. गिनी, म्हणजे ब्रिटिश सॉव्हरिन, ७.९८ ग्रॅमची आणि २२ कॅरटची असते. १९१८ मध्ये ती मुंबईच्या टांकसाळीतही पाडली गेली आणि त्या गिनीवर घोडेस्वाराच्या चित्राखालच्या जमिनीच्या रेषेवर इंग्रजी आय हे अक्षर असते. पुतळीमाळेतली मूळ पुतळी म्हणजे व्हेनिसचे डुकाट: साडेतीन ग्रॅमच्या आसपास वजन आणि जवळजवळ शुद्ध सोने. मात्र आज दिसणाऱ्या बहुतेक पुतळ्या या त्याच्या ठशावर छापलेल्या पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. कडी डाखलेल्या नाण्याला नाणेसंग्राहक फारसा भाव देत नाहीत, तेव्हा ते मोडीच्या हिशेबानेच घ्यावे.

पाण्यातले वजन

भरीव आणि खडे नसलेल्या दागिन्यासाठी ही चाचणी घरच्या घरी होते आणि तिच्यात दागिन्याला ओरखडाही पडत नाही. काट्यावर पाण्याने भरलेली वाटी ठेवून आकडा शून्य करावा, दागिना दोऱ्याला बांधून तळाला किंवा काठाला न टेकता पूर्ण बुडवावा, आणि काट्यावर जो आकडा येईल त्याने हवेतल्या वजनाला भागावे. येते ती घनता. शुद्ध सोन्याची घनता १९.३, २२ कॅरटची पावणेअठराच्या आसपास, १८ कॅरटची मिश्रणानुसार १५ ते १६, १४ कॅरटची १३ च्या आगेमागे, चांदीची १०.५, तांब्याची सुमारे ९ आणि पितळेची साडेआठ. समजा एक पाटली हवेत २३.३० ग्रॅम भरली आणि पाण्यात काट्याने १.३२ दाखवले, तर भागाकार १७.६५ येतो आणि ती २२ कॅरटची असण्यास हरकत नाही. तीच पितळेची असती तर काट्याने २.७ च्या पुढचा आकडा दाखवला असता. दागिन्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकून घ्यावेत, नाहीतर चांगले सोनेही हलके ठरते.

पोकळ, लाखेच्या आणि खड्यांच्या दागिन्यांना ही चाचणी लागू पडत नाही. दुर्दैवाने जुने मराठी दागिने नेमके याच प्रकारचे आहेत.

लाख, मणी आणि खडे

बोरमाळ, मोहनमाळ, गोठ, कोल्हापुरी साज यांत पातळ पत्र्याच्या आत लाख भरलेली असणे ही लबाडी नव्हे. ती घडणीची रीतच आहे. कमी सोन्यात भरदार दिसणारा आणि सहज न चेपणारा दागिना करण्याचा तो मार्ग होता. फसगत होते ती वजन धरताना. मण्याच्या भोकाशी भिंग लावले, की आत तपकिरी-काळा भराव दिसतो. लाखेचे वजन नेमके किती हे दागिना मोडल्याशिवाय कळत नाही, म्हणून खरेदीच्या वेळी अंदाज नेहमी आपल्या विरुद्ध बाजूने धरावा.

हा फरक किती मोठा असतो ते आकड्यांत पाहू. हिशेबाच्या सोयीसाठी २४ कॅरटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरला आहे; प्रत्यक्षात त्या दिवशीचा भाव घ्यावा. एक बोरमाळ दोऱ्यासकट २१.६ ग्रॅम भरते. विकणारा म्हणतो, २२ कॅरट आहे. त्याच्या बोलण्यावर हिशेब केला तर त्यात १९.७९ ग्रॅम शुद्ध सोने आणि किंमत १,९७,८५६ रुपये. लाख आणि दोरा गेल्यावर मात्र वजन १५.२ ग्रॅम उरले आणि टंच, म्हणजे शेकडा शुद्धता, ८४ निघाला, तर शुद्ध सोने १२.७७ ग्रॅम, किंमत १,२७,६८०, आणि सोने गाळणाऱ्या गलाईवाल्याने दोन टक्के घट धरली तर हातात सव्वा लाखाच्या आसपास. एका दागिन्यात बहात्तर हजारांचा फरक, आणि तोही कोणी खोटे न बोलता. आजीची बोरमाळ बावीस कॅरटची आहे असे विकणाऱ्याला मनापासून वाटत असते.

खड्यांच्या दागिन्यांत उलट प्रकार होऊ शकतो. नथ, तन्मणी, चिंचपेटी, बुगडी यांतले सोने थोडे असते आणि खरी किंमत मोत्यांची असू शकते. आखाती मोत्यांचा व्यापार मुंबईत भरात होता तो १९३० च्या दशकापर्यंत. शिंपल्यात मुद्दाम वाढवलेल्या जपानी कल्चर मोत्यांनी तो मोडीत काढला. त्याआधीच्या नथीतले मोती नैसर्गिक, बाजाराच्या भाषेत बसरा, असण्याची शक्यता बरीच असते. ते डोळ्यांनी ठरवू नये. मोती नैसर्गिक की कल्चर हे प्रयोगशाळेत क्ष-किरणांनीच नक्की कळते आणि मुंबईत रत्नपरीक्षणाच्या प्रयोगशाळा पुरेशा आहेत. असा दागिना मोडीला घेणाऱ्या दुकानात मोती काढून पुडीत बांधून ‘हे तुमचे’ म्हणून परत मिळाले तर नशीब समजावे, कारण बऱ्याचदा ते वजनातून वजा होऊन तिथेच राहतात. लाल खड्यांबाबत मात्र फार आशा ठेवू नये. व्हेर्नय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये कृत्रिम माणकाची रीत प्रसिद्ध केली, तेव्हा दागिना शंभर वर्षांचा असला तरी खडा कृत्रिम असू शकतो. काच तर त्याआधीपासून होतीच.

सोन्यात मढवलेले वाघनख किंवा हस्तिदंत असलेला दागिना अजिबात घेऊ नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली त्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे आणि तो पणजोबांचा होता म्हणून सूट मिळत नाही.

टंच

वरचे सगळे अंदाज झाले. मोठी रक्कम देण्यापूर्वी टंच काढून घ्यावा. झवेरी बाजारात अल्प शुल्कात क्ष-किरण यंत्रावर काही मिनिटांत टंचाची चिठ्ठी मिळते. मानक ब्यूरोने मान्यता दिलेल्या परीक्षण केंद्रातही सामान्य ग्राहकाला आपला दागिना तपासून अहवाल घेता येतो, आणि पुढे विकताना तोच अधिक उपयोगी पडतो. यंत्राची मर्यादा मात्र ओळखून असावे: ते फक्त वरचा पातळ थर वाचते. जाड मुलामा असेल तर ते मुलाम्याचीच शुद्धता सांगते. म्हणून आतल्या बाजूला कानस मारलेल्या किंवा नैसर्गिकरीत्या झिजलेल्या जागेवर, आणि निदान तीन ठिकाणी, वाचन घेण्यास सांगावे. डाखाच्या जागी आकडा नेहमी खाली येतो. तो सरासरीत किती धरायचा यावरच बरीच घासाघीस होते. जुना सराफ अजूनही कसोटीवर दागिना घासून शेजारी माहीत शुद्धतेच्या काडीची रेघ ओढतो आणि तेजाब लावून दोन्ही रेघा ताडून पाहतो. सरावलेल्या हातात ही पद्धत भरवशाची आहे, परंतु तेजाब म्हणजे तीव्र आम्ल. घरात, लहान मुलांच्या आसपास, हातमोज्यांशिवाय ते हाताळण्याचा उत्साह नवख्याने दाखवू नये.

चांदीचा टंच अधिकच गरजेचा, कारण खेडोपाडी घडवलेल्या जाड तोड्या-वाळ्यांत आणि डाखाने भरलेल्या पैंजणांत चांदी बरीच कमी निघू शकते. जर्मन सिल्व्हरमध्ये तर चांदी मुळीच नसते. तो तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे.

साफसफाई: शक्य तितकी कमी

कोमट पाणी, रिठा आणि मऊ ब्रश, एवढेच. कुंदन आणि मागे वर्ख लावलेले खडे पाण्यात बुडवू नयेत, कारण आत पाणी शिरले की वर्ख काळा पडतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो. मोत्यांना साबण, व्हिनेगर किंवा दुकानातले पॉलिश लावू नये. चांदी लख्ख करण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा कागद आणि सोडा वापरण्याची युक्ती नक्षीतला काळेपणाही धुऊन टाकते, आणि जुन्या चांदीला गिऱ्हाईक पैसे देते ते त्याच काळेपणासाठी. तुटलेली कडी बदलायची असेल तर जुन्या कामाच्या कारागिराकडूनच बदलावी आणि निघालेला तुकडा दागिन्याबरोबर ठेवावा.

विक्री

प्रथम वाटणी करावी. तुटलेल्या साखळ्या, एकेकटी कर्णफुले, यंत्रावर घडवलेल्या अंगठ्या, झिजून नक्षी गेलेल्या पाटल्या हे सरळ मोडीला द्यावे आणि त्याबद्दल हळहळू नये. झवेरी बाजारात जाण्यापूर्वी इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचा त्या दिवशीचा दर पाहून ठेवावा. तो जीएसटीविना असतो. टंचाची चिठ्ठी एका ठिकाणी काढावी आणि भाव दुसरीकडे विचारावा, म्हणजे टंच कमी दाखवण्यात खरेदीदाराचा फायदा राहत नाही. प्रत्येक दुकानात तेच प्रश्न विचारावेत: भाव कोणत्या वेळचा, घट किती, खडे-लाख वजा कसे करणार, आणि पैसे दागिन्यावर देणार की गाळल्यानंतरच्या लगडीवर. गाळायचे ठरले तर गलाईच्या भट्टीपाशी स्वतः उभे राहावे. ही मागणी तिथे कोणाला खटकत नाही; सांगली जिल्ह्यातल्या विटा-आटपाडीकडची मराठी माणसे हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या देशभर करत आली आहेत आणि गिऱ्हाईक समोर उभे असणे त्यांच्या सवयीचे आहे. मोठ्या पेढ्यांत ‘बदली’साठी वरचा भाव सांगितला जातो, पण तिथे नवा दागिना घ्यावा लागतो, त्यावर घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी भरावा लागतो, तेव्हा पुनर्विक्री करणाऱ्याच्या ते उपयोगाचे नाही.

डागिन्याचा भाव ज्यांना मिळू शकतो ते वेगळे काढावेत: जुन्या घडणीची ठुशी, वज्रटीक, तन्मणी, बसरा मोत्यांची नथ, मळसूत्री फिरकीच्या बुगड्या, पूर्ण जोडी असलेले तोडे, छाप असलेले विलायती ब्रूच. यांचे गिऱ्हाईक लग्नघरांत असते, म्हणून तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात त्याच्या दोन-तीन महिने आधी माल दाखवायला सुरुवात करावी. नऊवारीवर शोभेल अशी जुनी नथ शोधणारी नवरी मोडीच्या भावावर बरेच अधिक द्यायला तयार होते. तोच दागिना वैशाख सरल्यावर महिनोन्‌महिने पडून राहतो. वर्णनात वजन, टंच, लाख आहे की नाही, खडे तपासले आहेत की नाहीत आणि कोणती दुरुस्ती झाली आहे हे सगळे लिहावे. वय सांगताना छाप किंवा कागद नसेल तर ‘जुन्या घडणीचा’ एवढेच म्हणावे. ‘पेशवेकालीन’ हा शब्द या बाजारात इतका स्वस्त झाला आहे की जाणकार गिऱ्हाईक तो वाचूनच पुढे जाते.

खरोखर असामान्य वस्तू, म्हणजे मोठे नैसर्गिक मोती किंवा नामांकित पेढीचा छाप असलेले प्लॅटिनमचे काम, हाती आले तर मुंबईतल्या सॅफ्रनआर्ट, अस्तागुरू यांसारख्या लिलावगृहांकडे चौकशी करावी. ते दलाली घेतात आणि वेळही लागतो, पण तिथले गिऱ्हाईक आपल्याला अन्यथा भेटत नाही. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरू शकते. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियमानुसार तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. परदेशातल्या गिऱ्हाइकाने भरघोस भाव देऊ केला तरी हा मुद्दा आधी पाहावा.

कागदपत्रे

घरातला एखादा दागिना विकणे वेगळे आणि नियमित खरेदी-विक्री वेगळी. चोवीस महिन्यांहून अधिक काळ जवळ असलेल्या घरच्या सोन्यावरचा नफा दीर्घकालीन भांडवली नफा ठरतो आणि २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के कर आहे. विकण्यासाठीच घेतलेल्या मालावरचा नफा मात्र व्यवसायाचे उत्पन्न आहे. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नाही. जीएसटीची नोंदणी लागल्यास जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला अटींच्या अधीन राहून फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरण्याची सोय आहे. त्यासाठी प्रत्येक नगाची खरेदी स्वतंत्र दाखवता आली पाहिजे, आणि म्हणून पहिल्या पावतीपासूनच दागिन्यागणिक एक पान ठेवावे: छायाचित्र, एकूण वजन, निव्वळ वजन, टंच, कोणाकडून, कितीला, आणि पुढे कोणाला.